छत्रीतला पडदा

३ फेब्रु., फ्रीमाँट
फ्रीजचा मधला कप्पा आज माझ्या हातून गेला. इतिहासात नोंद व्हावी. विनयने न विचारता तिथे दह्याचा बादलीएवढा डबा ठेवला आणि माझ्या समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या खाली, कोथिंबिरीशेजारी. बावीस वर्षांच्या संसाराचं फळ.
सई डोकावून म्हणाली, "आई, इट्स लिटरली फझ."
बुरशीची लव नव्हे, हायड्रॉइड, समुद्रातले प्राणी. नखाएवढी वसाहत, शंभर तोंडं, प्रत्येकाला आपापला काचेचा पेला, पोट मात्र सगळ्यांचं एकच. एकत्र कुटुंब म्हणजे काय ते यांना विचारा.

५ फेब्रु.
पाठवलेल्या नमुन्यावर म्युझियमच्या डॉक्टरांचं उत्तर. हायड्रॉइडमधले जाणते ते; मी सोम ते शुक्र सॉफ्टवेअर टेस्टर, शनिवारी धक्क्यावर पालथी. म्हणतात, जात नेहमीचीच. तुम्ही लिहिता तो, तंतूंच्या मुळाशी असलेला पडदा नमुन्यात नाही. छंद म्हणून छान आहे.
छान!
जिवंतपणी मायक्रोस्कोपखाली तो पडदा मी पाहिलाय, छत्रीच्या काड्यांमधल्या कापडासारखा. पण अल्कोहोलमध्ये टाकलं की सगळे मुठी आवळून पेल्यात. चूक माझी. जात नेहमीची, हे मात्र मान्य नाही. नवी जात म्हणून वर्णनाचा मसुदा लिहायला घेतला. 'आभार' रिकामं ठेवलं. कुणाचे मानू?

८ फेब्रु., शनि.
बाटल्या घरी राहिल्या. गाडीत शेजारच्या अमोलच्या आईंचा, शोभामावशींचा, स्टीलचा डबा होता (खोबऱ्याच्या वड्या, कधीच संपल्या). त्यातच ताजी वसाहत आणली. बोटींच्या मरीनातला माणूस म्हणाला, हे जुने फ्लोट, तरंगते धक्के, २०ला काढणार. ही वसाहत दुसरीकडे कुठेच दिसलेली नाही. म्हणजे जे काय ते बारा दिवसांत.

१२ फेब्रु.
बर्फात ठेवून पाहिलं. मुठी. अल्कोहोल थेंब थेंब. मुठी.
मावशी डबा मागायला आल्या. हुंगला. "यात मासळी ठेवलीस?"
"फुलासारखे प्राणी आहेत, मावशी. आधी गुंगी द्यावी लागते, नाहीतर आखडतात. मेंथॉल मागवलंय, पण यायला वेळ आहे."
"मेंथॉल म्हणजे आपलं पुदिन्याचं फूल ना? सर्दीसाठी बॅगेत घालून आणलंय मी. आधी बोलायचं नाही का गं?"
दारातून वळून, "आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. की इथे येऊन तेही विसरलात?"

१३ फेब्रु.
चार खडे पाण्यावर तरंगत सोडले. तीन तासांनी सुईने टोचलं तरी कुणी हलेना. मग अल्कोहोल. शंभर तोंडं, सगळी उघडी!
मावशींनी एक डोळा मिटून पाहिलं. बराच वेळ. "ही तर छत्री गं."
हा शब्द मी त्यांच्यासमोर काढलाच नव्हता.

१७ फेब्रु.
फोटो पाठवले. विनय: "यार, ते नाही म्हणाले तर सोडून दे ना." दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते, डॉक्टरांची फुकट काढीन.

२१ फेब्रु.
उत्तर. 'पडदा दिसतो.' दोन शब्द, पण तीनदा वाचले. पुढे: प्रजननाच्या पेट्या कुठे आहेत? त्यांच्याशिवाय नवी जात म्हणता येणार नाही.
फ्लोट काल गेले. आता जिवंत फक्त वसाहतीची मी बाटलीत वेगळी ठेवलेली एक फांदी. तिच्या मुळाशी बारीक फुगवटा. पेटी असेल. नुसतं आणखी एक तोंडही असेल.
दही खाली कोथिंबिरीशेजारी. मधला कप्पा परत घेतला.

२ मार्च
फुगवटा तेवढाच. वाट पाहीन, डॉक्टरांना घाई असेल तर असो.
मावशी उद्या नाशिकला परत. डबा चिंचेने घासला. गंजाचा एक ठिपका जाईना. साखर भरली. मसुद्यात 'आभार'खाली एकच ओळ लिहिली, त्यांच्या पूर्ण नावाने. सांगितलं नाही.
त्या देवळात गेल्या होत्या. डबा दाराशी ठेवून आले.