कलम चार: ज्याचं त्यानं उतरवावं

१२ जानेवारी, सकाळी ९
धाकटे दीर बलभीम भावजी यांच्या तुरीत आभाळातून धातूचा गोळा पडला. थेट काळ्या शेळीवर. मागचे दोन पाय तेवढे ओळखू आले. भावजी म्हणाले, वहिनी, मागं सरा, बाँब हाय. मी सांगितलं, रॉकेटची टाकी आहे. अख्ख्या माकणी गावात हे मलाच ठाऊक. कॉन्व्हेंटचं शिक्षण वाया जात नाही.

१३ जानेवारी
मुरुमहून भंगारवाले गुरुसिद्धप्पा टेम्पो घेऊन आले. म्हणाले, एका शेळीच्या दोन घ्या, गोळा द्या. भावजी म्हणाले, चार. मग भावजींनी त्यांचे दोन दात पाडले, त्यांनी भावजींचा कान चावला. मी मध्ये उभी राहून वाचून दाखवत होते की, आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे वस्तू सोडणाऱ्या देशाचीच. कुणाचं तरी कोपर लागून चष्मा फुटला. गोळा पोलिसांनी नेला.
देशात अवकाशाचा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून दात पडतात. मसुदा मी लिहीन. २६ जानेवारीला पोस्टानं दिल्लीला रवाना.

१६ जानेवारी
कलम एक, परवान्याशिवाय उड्डाण नाही. दोन, प्रत्येक वस्तूची नोंद. तीन, नुकसानीचा विमा. चार, निकामी झालेली वस्तू ज्याची त्यानं पाच वर्षांत, स्वखर्चानं उतरवावी. सबब चालणार नाही. लिहिताना सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. पेन्सिलीचं टरफल खाली दिसलं की हातावर पट्टी. किती प्रेमळ.
भावजींच्या ओट्यावर वाचून दाखवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकत बसले. त्यांची लेक आरोही लातूरला लॉ करते. तिनं प्रत मागितली. दोन दिल्या.

१८ जानेवारी
गैरसमज झाला आहे. आरोही कलम चारवर बोट ठेवून म्हणाली, मोठीआई, मग आपली जीप? भावजी म्हणाले, आभाळातलं नंतर बघू वहिनी, आधी माझ्या रानातलं काढा, तिथं मला मृगाला तूर पेरायचीय.
ह्यांची जीप. ह्याच जीपमधून मी नवरी होऊन आले, मांडीवर शाळेची डिक्शनरी. ९८ साली भावजींच्या लिंबाखाली अ‍ॅक्सल तुटला. हे म्हणाले, उद्या काढू. पुढं हेच राहिले नाहीत. तो कचरा नाही. तात्पुरती उभी आहे.
कलम चारमध्ये दुरुस्ती: पंचवीस वर्षं.
हिशोब केला. सत्तावीस झाली. दुरुस्ती: पन्नास.

२० जानेवारी
भावजींनी जेसीबी आणला. मी फक्त समजावायला गेले. जीपचा जॅक हँडल हातात होता, तो मुद्दा दाखवायला. मुद्द्याच्या वाटेत भावजींचं कपाळ आलं. चार टाके. त्यांनी मला ढकललं नाही. मीच जीपला धरून बसले होते, सोडवताना माझं उजवं मनगट मोडलं. जेसीबीच्या ड्रायव्हरला मी चावले, असं आरोही म्हणते. मला आठवत नाही.
हवालदार म्हणाले, बाई, सुरुवात कुणी केली? मी कलम तीन दाखवलं.

२६ जानेवारी, दुपार
डाव्या हातानं लिहिते आहे. जीप काल माझ्या घरी आली. डोक्याला पट्टी बांधून भावजी स्वतः स्टिअरिंगवर बसले होते. जेसीबीवाल्यावर खेकसत होते, हळू, दादाची गाडी हाय. अंगणात उतार, ब्रेक नाहीत. कुंपण गेलं, तुळशीचा कट्टा गेला, ओटा फुटला, जीप दारात आडवी अडकली. भावजी खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून रडले. मग म्हणाले, वहिनी, तुम्ही आत कुठून जाणार?
मसुदा पोस्टात गेला नाही. जीप घसरू नये म्हणून फाईल मागच्या चाकाखाली आहे. हाताशी दुसरं काही नव्हतं.
घरात जायला सापडला रस्ता. जीपमध्ये एका बाजूनं चढते, ह्यांच्या शेजारच्या सीटवर जरा बसते, दुसऱ्या बाजूनं उतरते.
तात्पुरतं आहे. पाच वर्षांत हलवीन.