ताईची साक्ष

सोमवार, ४ मार्च
परवा सुनावणी. आठ महिने झाले, डावा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा तागा काढायला गिऱ्हाइकाला सांगावं लागतं – शिंप्याची काय शोभा! लसीच्या भरपाईचा अर्ज मीच भरला. वकील केला नाही. खरं बोलायला वकील कशाला?

लस ताईनेच टोचली होती, सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती. माझी बाही अरुंद (शिवण माझीच), वर सरकेना. मागे ही मोठी रांग. म्हणाली, "शर्ट नको काढूस, कॉलर खाली ओढ." सुई पार वर गेली, हाडाजवळ. तिला माहीत आहे, मला माहीत आहे. साक्षीला सख्खी बहीण. काळजी नाही.

बुधवार, ६ मार्च
माझ्या तोंडावर खोटं बोलली!

समितीतल्या डॉक्टरांनी विचारलं, सुई कुठे दिली? ताई म्हणाली, "बाही वर करून, नेहमीच्या जागी." पापणीसुद्धा लवली नाही. मी उठणार, तोच टेबलाखालून माझा पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणे, "माझ्यावर सोड. कारण विचारू नकोस, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

नोकरी वाचवतेय, दुसरं काय. आई गेल्यावर हिनेच माझं दप्तर भरलं, हिनेच डोक्याला तेल लावलं. आणि आता माझा हात गेला तरी चालेल, हिच्या गणवेशावर डाग नको. केसाने गळा कापला.

गुरुवार, ७ मार्च
ताईचे तीन फोन. घेतले नाहीत. बायको म्हणते, "अहो, का केलं ते विचारा तरी." विचारायचं काय त्यात?

शुक्रवार, १५ मार्च
समितीला पत्र टाकलं. कॉलर, सुई, हाड – सगळं लिहिलं. बाहीचं मापही दिलं. रागात माझं अक्षर इतकं सुबक येतं हे माहीत नव्हतं.

सोमवार, १८ मार्च
पत्र पोचल्याची पोच आली. बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

मंगळवार, ९ एप्रिल
निकाल. तीनदा वाचला. भरपाई फक्त लसीमुळे झालेल्या इजेला. टोचण्यात चूक झाली असेल तर या योजनेत दावा बसत नाही. परिचारिकेच्या साक्षीवरून मंजुरीची शिफारस झाली होती. दावेदाराच्या पत्रामुळे ती मागे घेतली.

ताईला नियम ठाऊक होता. आज तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

दुपारी तिचा फोन आला. या वेळी घेतला. म्हणाली, "हात शेकलास का रे आज?"