निरोगी गटातलं रक्त

उलानबातर

प्रिय दाशन्याम,

यकृताचा कॅन्सर लवकर ओळखता यावा म्हणून आम्ही रक्तात नवी खूण शोधतोय. निरोगी माणसांच्या गटासाठी तुझं रक्त घेतलं, तेव्हा तू म्हणालास, "ताई, आधी मला कुस्तीत पाड, मग आजारी म्हण!"

जुन्या तपासणीत तू ठणठणीत आहेस. नव्या खुणेचा आकडा मात्र भलताच वाढलाय. निरोगी माणसात वाढली म्हणजे खूण फसली, ही माझी पहिली काळजी. तू नंतर आठवलास. लाज वाटते.

खूण सिद्ध होईपर्यंत कुणाला कळवायचं नाही, हा नियम माझाच. तो लेखी मोडवत नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही. उद्या गाडी घेऊन तुझ्या तंबूवर येतेय. घोडींचं दूध तुझी बायको काढेल. तू मुकाट्याने स्कॅनला चल.

माझं सगळं संशोधन खोटं ठरो.

तुझी ताई,
त्सेरमा