सगळीकडे चालणारा फॉर्म

३ जून
नाव-पत्त्याचा फॉर्म पूर्ण. दवाखाना, ग्रंथालय, शाळा, ज्या सॉफ्टवेअरला हवा त्याने तयार उचलून जोडायचा. हे गेल्यावर पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकले, त्याचं चीज झालं. साहेब म्हणाले, महिनाअखेर तीन टीम वापरत असतील तर ठेवू, नाहीतर काढू. तीन? मी दहा धरल्यात.

५ जून
ग्रंथालयाचं काम करणारी मुलगी म्हणते, काकू, पुस्तक न्यायला 'घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन' कशाला? ऑप्शनल करा ना. साफ नाही म्हटलं. हे रस्त्यात पडले तेव्हा खिशात माझा नंबर नव्हता. लोक दोन तास घरचं माणूस शोधत होते. हे तिला सांगितलं नाही. फॉर्मसोबतच्या माहितीतही लिहिलं नाही. चांगल्या वस्तूला कारणं द्यावी लागत नाहीत.

११ जून
शाळेच्या टीमचा दाढीवाला त्या रकान्यात दहा वेळा नऊ दाबून पुढे गेला. वर हसून म्हणतो, पास झालो काकू! खोटे नंबर पकडणारी तपासणी घातली. शिवाय नातंही कम्पल्सरी केलं: नवरा, बायको, मुलगा, मुलगी. फॉर्मसोबतची माहिती आता एकोणीस पानं. वापरायला फारच सोपं झालंय.

१२ जून
दाढीवाल्याने फॉर्म काढून टाकला. मत्सर.

१८ जून
ग्रंथालयवालीने स्वतःचा फॉर्म लिहिला. चार रकाने. बाकीचं ज्याचं त्याने जोडावं म्हणे. दुपारपर्यंत तिघांनी नेला, कुणी तिला एक शब्द विचारला नाही. उथळ काम. तिच्याशी बोलणं बंद. चहा तिनेच आणून दिला, तो घेतला.

२४ जून
दवाखान्याने माझाच ठेवलाय! एकच टीम, पण वजनदार. जाऊबाईंना फोन करून सांगितलं.

२७ जून, दुपार
गुडघा दाखवायला त्याच दवाखान्यात गेले. काउंटरवर माझा फॉर्म! ऊर भरून आला. तिथली बाई म्हणाली, घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन? म्हटलं, मी एकटीच असते. म्हणाली, मावशी, कुणाचा तरी सांगा, हे मेलं पुढेच सरकत नाही. शेजारणीचा सांगितला. नात्यात शेजारीण बसेना. मागे रांग वाढली. शेवटी ह्यांचा नंबर दिला. नातं, नवरा. तपासणीत पास.

मागचे आजोबा करवादले, कुणी बनवलंय हे? बाई म्हणाली, असेल कुणीतरी, भरल्या घरातलं.

मी म्हटलं, असेल.