आईची खुर्ची

पनवेल
२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

प्रिय आभा,

सकाळी आठला निघालो. दिवस उलव्याच्या साइटवर गेला. पाचला परत आलो. सकाळचा भात उरला होता, तो फोडणीला घातला.

उलव्याला एका कंपनीचं ऑफिस करतोय. साठ माणसं बसतील. त्यांतली दोघं व्हीलचेअरवर, एकाला दिसत नाही. कमी चढाचा रॅम्प, मजला बोलून सांगणारी लिफ्ट, सगळं नकाशाप्रमाणे झालं होतं. आज जाऊन बघतो तर मुख्य दाराला दीड इंची संगमरवरी उंबरा. निकेश म्हणून आमचा फरशीवाला आहे. परवा पूजा आहे, हळदीकुंकू कुठे वाहणार, म्हणून त्यानं स्वतःच बसवलेला. मी टेम्पोतून आईची व्हीलचेअर उतरवली आणि त्यालाच बसवलं. पुढची चाकं अडली. दोनदा जोर लावून बघितला, मग म्हणाला, "काढतो, काका. देव काय तेवढ्यावर रुसत नाय." दुपारी तिथे जमिनीच्या पातळीत पितळी पट्टी बसली. हळदीकुंकू तिच्यावर वाहतील.

नंतर खुर्ची घेऊन टॉयलेटमध्ये गेलो. तीत बसून आत शिरलो, वळलो, दार लावलं, उघडलं. हल्ली प्रत्येक साइटवर हे करतो.

दिवाळीत तू म्हणालीस, बाबा, खुर्ची कुणा गरजूला देऊन टाका. मी नुसतं बघू म्हणालो. मला आईची वस्तू सोडवत नाही, असं तुला वाटलं असेल. तेही थोडं आहेच.

आईच्या ऑफिसचं काम मीच केलं होतं. रॅम्प केला म्हणून तिच्या साहेबांनी मला शाल दिली होती. तेराव्याला तिच्या शेजारच्या टेबलावरची नूरुन्निसा आली होती. ती म्हणाली, सुमतीनं बारा वर्षं ऑफिसात पाणी प्यायलं नाही. टॉयलेटचं दार दोन फुटांचं, खुर्ची आत जायची नाही. बदलून घे म्हटलं की म्हणायची, "राहू दे, ह्यांनी एवढ्या हौसेनं केलंय." पाणी कमी पिता म्हणून डॉक्टर बोलायचे, तेव्हा घरी येऊन मी तिलाच रागवायचो.

त्या दाराचं माप मी लिहिलं होतं. हे फोनवर सांगता आलं नसतं. मी काम करतोय तोवर खुर्ची माझ्याकडे राहू दे. पुढे तू म्हणशील त्याला देऊ. उद्या ती परत साइटवर न्यायची आहे आणि उजव्या चाकात हवा कमी आहे. पंप काढून ठेवलाय. पाकीट चिकटवतो आणि हवा भरायला बसतो.

तुझाच,
बाबा