तुझ्या भिंतीवरचा बगळा

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे आता काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून जावयासारखा घरातच मुक्कामाला आहे? इकडे देवाच्या कृपेनं सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. मला जबर सर्दी झाली आहे आणि तिचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं आहे.

रविवारी सकाळी मी चपला काठावर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उद्यानामागच्या पाणथळीत उतरलो. पुढचं वाचण्याआधी एक काम कर. तुझ्या बाहेरच्या खोलीत अण्णांनी काढलेला बगळ्याचा जो मोठा फोटो आहे, तो खाली उतरव आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेव. कुणी बसलं असेल तर ते जाईपर्यंत थांब. (मागे एका पाहुण्यानं त्याला ढग म्हटलं म्हणून तू त्याला चहासुद्धा विचारला नाहीस. त्याला पुन्हा बोलावून दोन कप पाज. तो बिचारा आपल्यापेक्षा सत्याच्या जवळ होता.)

तुला आठवतच असेल, आई गेल्यावर अण्णांनी आपलं शिवणाचं मशीन झाकून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मी विचारलं, काय बघता? तर म्हणाले, भिंत. अशा माणसाला घराबाहेर काढायचं कसं? मी एक जुना कॅमेरा आणला आणि वसंतातल्या एका सकाळी त्यांना पाणथळीवर नेलं. झाडांना कोवळी पानं फुटलेली, बदकीण मागे पिल्लांची रांग घेऊन फिरतेय, बेडूक ओरडताहेत, आणि अण्णा बाकावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघताहेत. तेवढ्यात मला पलीकडच्या काठाजवळ तो दिसला. पांढराशुभ्र, एका पायावर उभा, जराही हालचाल नाही. मी ओरडलो, अण्णा, बगळा! अण्णांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं, आणि कॅमेरा उचलला. आई गेल्यावर त्यांनी आपणहून उचललेली ती पहिली वस्तू.

त्यानंतर दर वसंतात आम्ही बापलेक तिथे. (थंडीत त्यांच्या छातीमुळे जमायचं नाही.) मी पुढे जाऊन लव्हाळ्यांपाशी उभा राहायचो, कपाळावर हात धरून बघायचो आणि मागे खूण करायचो, की आहे, आहे, उभा आहे! आणि तो रोज असायचाच. जगात बकध्यान म्हणून बगळ्याची बदनामी झाली आहे, पण हा मला खरा साधक वाटला. मी त्याला कधी मासा खातानासुद्धा पाहिलं नाही, म्हणून शाकाहारी ठरवला. तुला सांगायला लाज वाटते, पण कुणी बघत नसलं की मी त्याला हात जोडायचो. आपली प्रार्थना पाच मिनिटांत भाजीच्या भावावर जाते आणि हा बघा, असंही वाटायचं.

फोटो मात्र सगळे धूसर. अण्णांचा फोकस चुकतो, हा तर आपल्या घरातला कायमचा विनोद झाला. पक्षी पुसट आणि नको ते स्वच्छ. गेल्या वर्षी त्यांचे मोतीबिंदू काढले तरी फोटोंत फरक पडला नाही. घरी मात्र ते स्वतः सुईत दोरा ओवायला लागले. ते मी पाहिलं होतं (जवळचं मला उत्तम दिसतं, त्यावरच माझी बायंडिंगची नोकरी टिकली आहे), पण पाहिलेल्याचा अर्थ लावायला डोळे पुरत नाहीत, हे खरं.

अण्णा थंडीत गेले. यंदा वसंत आला तेव्हा मी पाणथळीकडे फिरकलो नाही. त्यात छापखान्यात एक प्रकार घडला. सकाळी आत शिरताना मी मालकांना वाकून नमस्कार केला आणि मुलीच्या लग्नाच्या शुभेच्छा दिल्या. तो खुंटीवरचा कोट होता. मालक शेजारी उभे होते. त्यांनीच मला हाताला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानं विचारलं, इतकी वर्षं कसं चाललं? काय सांगणार! गावच्या शाळेत मी शेवटच्या ओळीत बसायचो, फळा कधी दिसलाच नाही, सगळं ऐकून पाठ केलं. सर्वांनाच असं दिसतं, हीच माझी समजूत.

तर रविवारी नवा चष्मा लावला, अण्णांचा कॅमेरा गळ्यात घातला आणि म्हटलं, त्यांच्या वतीनं साधकाचा एक तरी स्वच्छ फोटो काढावा. लव्हाळ्यांपाशी पोहोचलो आणि थबकलो. बगळ्याला डोकं नव्हतं. पाय होता, पण त्याला खिळा मारलेला होता. मला वाटलं, नव्या काचांचा दोष असेल. म्हणून पाण्यात उतरलो.

त्याच वेळी काठावर पानांच्या रंगाचे कपडे घालून छायाचित्रकारांचा तोफखाना पोटावर झोपला होता. (त्यांच्या लेन्सा दुधाच्या कॅनएवढ्या असतात.) माझ्या छपछप आवाजानं सगळी पाणपाखरं एकदम उडाली. तोफखान्यातला एक चिखलातून उठून ओरडला, "अहो काका! कुठं निघालात?"

"बगळ्याकडे."

"कुठला बगळा?"

"तो काय समोर!"

"ते पोतं आहे, काका. काठीला बांधलेलं पांढरं पोतं. आता या बाहेर, पहाटेपासून पडलोय आम्ही इथं!"

अक्का, मी पाण्यात तसाच उभा राहिलो. सगळे हसले, आणि आधी मीही हसलो. मग मात्र मला अण्णांची अशी दया आली, की म्हाताऱ्याला आपण वर्षानुवर्षं एका पोत्याचे फोटो काढायला लावले! मरेपर्यंत त्यांना कळलंसुद्धा नाही. रडू चष्म्याच्या आतल्या बाजूनं येतं तेव्हा फार अडचण होते, हे मला नवीन होतं.

उद्यानातल्या माळीणबाईंनी मला बाहेर ओढलं आणि झारीनं पाय धुवायला पाणी दिलं. म्हणाल्या, "म्हातारबाबा नाही दिसले यंदा?" मी सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता त्या पोत्याचं काय करू? साफसफाईवाले येणारेत. मागं ते वाऱ्यानं फाटलं, तेव्हा मी काढूनच टाकणार होते. तर बाबांनी मागून घेतलं, खिशातनं सुईदोरा काढला आणि या बाकावर बसून शिवून दिलं. म्हणाले, आमच्या धाकट्याचा देव आहे तो, नीट बांध. तुम्हाला चहा आणायला पिटाळलं होतं तेव्हा."

मला वाटायचं, डॉक्टरांनी बंद केलेला चहा अण्णांना गेल्या वसंतात इतका का लागतो!

म्हणजे मी त्यांच्यासाठी जात होतो आणि ते माझ्यासाठी येत होते, आणि मध्ये ते पोतं. माळीणबाईंना मी सांगून आलो, की विचार करून कळवतो. असो. फोटो तेवढा उतरव. लोकांत हसं नको.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. फोटो उतरवला असलास तर लगेच परत लाव. पाकीट चिकटवण्याआधी अण्णांचे सगळे फोटो मी चष्मा लावून पुन्हा पाहिले. तूही तुझ्याकडच्या फोटोतला डावा कोपरा पाहा. लव्हाळ्यांपाशी कपाळावर हात धरून एक माणूस उभा आहे. 'मध्ये आलेला' म्हणून आपण त्याला कापायला सांगत होतो आणि अण्णा कापू देत नव्हते. त्याच्या कॉलरची उसवलेली शिवणसुद्धा दिसते. प्रत्येक फोटोत तोच स्वच्छ आहे. सुईत दोरा ओवणाऱ्याचा फोकस चुकत नसतो, अक्का.

आणखी एक. खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो आणि भलतीकडे गेलो. वसंत संपायच्या आत तू इकडे ये. मला आता कॅमेरा धरता येतो, पण लव्हाळ्यांपाशी उभं करायला माणूस नाही. भाऊजींनाही आण, मात्र खोकला घरी ठेवून. पाखरं उडतात.

आणि माळीणबाईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज सकाळी दिलं. पुन्हा चपला काढून उतरलो (सर्दी आहेच, तिला काय होणार), सवयीनं हात जोडले आणि दोरी सोडली. काठी आता मोकळी आहे. पोतं घरी आणलं, धुतलं, दोरीवर वाळत घातलं आहे. अण्णांचे टाके उसवले नाहीत.