शुक्रवारचं फिरणं

रविवार, ४ ऑगस्ट १९९६. येलहंका.

पोचलो एकदाचे. सामानात फक्त लोणच्याची बरणी फुटली, आणि नेमकी तीच विलासने स्वतः मांडीवर घेतली होती. पुण्याहून बंगळूरला म्हणून निघालो आणि येलहंक्याला येऊन टेकलो. बंगळूर इथून बसने तासाभरावर. पण गाव छोटं आणि छान आहे. हवा अशी की पंख्याची आठवण होत नाही. दोन खोल्या, मागे नारळ, आणि शेजारच्याच दारात घरमालकीण सकवारबाई. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले म्हणे, त्यामुळे मराठी निम्मं कानडी झालंय. माझ्या पोटाकडे बघून कितवा विचारलं, मी पाचवा म्हटलं. सरी सरी, आता स्वल्प बसा, मी काफी आणते, म्हणाल्या. पहिलं की दुसरं, हे त्यांनी विचारलं नाही. औषधावाचून खोकला गेला.

मंगळवार, ६ ऑगस्ट.

बंगळूरला जयनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. बाळ उत्तम आहे. आईचं काही खरं नाही, असं त्या बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर होतं. जानेवारीत वेदू गेला, साडेचार वर्षांचा, मेंदूज्वराने, हे सगळं विलासनेच त्यांना सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

औषध दिलं ते असं: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायचं. मन असो नसो. उघड्यावर निवांत बसायचं आणि परत यायचं. पी हळद नि हो गोरी असं होणार नाही, नेम मोडू नका, म्हणाल्या. विलास पडला कॉम्प्युटरवाला. घरी येताच त्याने स्केचपेनने वेळापत्रक आखलं. मंगळवारी संध्याकाळी तळं, शुक्रवारी सकाळी रेल्वे स्टेशन, रविवारी त्याच्याबरोबर गावातून फेरी आणि कॉफी. कपाटावर चिकटवून वर सहीसुद्धा केली. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट.

स्टेशन म्हणजे लांबलचक फलाट, एक चिंच आणि गुंडूचा कॉफीचा ठेला. बाकावर बसले. मालगाडी गेली. वेदूने डबे मोजले असते आणि वीसनंतर नेहमीप्रमाणे चुकला असता.

डब्यात रव्याचे लाडू नेले होते. घरात काहीही केलं तरी पहिला घास त्याचा असायचा. सवयीने तुकडा मोडून बाजूला ठेवला आणि ठेवल्यावर कळलं, आपण काय केलं ते. उचलवेना. लहान मुलाचं काही करत नाहीत, असं वडीलधारे म्हणाले होते. दहावा नाही, तेरावा नाही. त्याच्या नावाने कोणी एक घाससुद्धा काढला नव्हता. ये, खा राजा, म्हटलं आणि पोटभर रडले. मग बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंना गुण द्यायला हवेत.

मंगळवार, २७ ऑगस्ट.

नेम एकदाही मोडला नाही. प्रत्येक फेरीला घास ठेवते. विलासला सांगितलेलं नाही, उगाच डोळे भरून घेईल.

आज तळ्यावरून परतताना डाव्या हाताची दोन बोटं गार लागायला लागली. तेवढीच दोन. वेदू कधी पूर्ण हात धरायचा नाही, ती दोन बोटं मुठीत घ्यायचा. आणि एकटा तर कुठे म्हणून जायचा नाही. मोरीत जायचं तरी कोणाला तरी धरून ओढत न्यायचा. आजीचा हात, पाहुण्यांचा हात, जो सापडेल तो.

मी हात हलवला नाही. घर येईपर्यंत तसाच लोंबता ठेवला.

शुक्रवार, १३ सप्टेंबर.

मंगळवार संपला की शुक्रवारची वाट बघते. हळूहळू चालते, छोट्या पावलांना जमेल असं. गुंडूने मोडक्या हिंदीत विचारलं, अम्मा, एका बाजूला झुकून का चालता. कंबर दुखते, सांगितलं. घरी आल्यावर बोटं लाडवाने चिकट असतात. धुवायला जीव होत नाही.

एकच गोष्ट आहे. बोटं धरलेली असतात तेवढा वेळ पोटातलं बाळ हलत नाही. घरी आलं की पुन्हा लाथा सुरू. चालण्याने झोप लागत असेल त्याला.

रविवार, २२ सप्टेंबर.

बाजारात गर्दी होती. विलासने माझा डावा हात धरायला हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग तो पँटला पुसला. कॉफी अर्धी टाकून उठला. घरी आल्यावर म्हणाला, काही दिवस बाहेर नको जाऊस. त्याच्या हाताला काय लागलं, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला मत्सर वाटला.

बाळ दुपार उलटेपर्यंत हललं नाही. आता मला भीती वाटते आहे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर.

गेले नाही. विलासने रजा घेतली. आम्ही दोघं दाराला कडी घालून बसलो.

स्टेशनावर जायची वेळ झाली आणि स्वयंपाकघरात लाडवाचा डबा पडला. मग बोटं गार. घरात. मला ओढत होता, कपाटाकडे, वेळापत्रकाकडे— आज शुक्रवार आहे ना, आई, असं.

विलासने कागद टराटरा फाडला. फाडून काय होणार? त्याला वार पाठ झालेत.

मंगळवार, ८ ऑक्टोबर.

आता वार उरला नाही. तो रोजच असतो. बाळ दिवसातून एखाद्या वेळी हलतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके मंद आहेत.

अक्कांकडे पितरांचं जेवण होतं. मला हाताला धरून नेलं आणि काय झालंय ते विचारलं. सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, रडू आलं. म्हणाल्या, "आमी वर्षातनं एकदा बोलावतो, वाढतो, आन् हात जोडून जा म्हणतो. तुमी बोलावलं, वाढलं. जा कोण म्हणणार, अम्मा?" अमावास्येला सगळे पितर परत जातात, म्हणाल्या. त्या दिवशी स्टेशनावर शेवटचा घास ठेवायचा, जा म्हणायचं आणि मागे बघायचं नाही.

आपण दूधवाल्यालासुद्धा जा म्हणत नाही, या म्हणतो. आईने म्हणायचं? अक्का म्हणाल्या, एकाला जा म्हणाल तर एक राहील.

शनिवार, १२ ऑक्टोबर. अमावास्या.

म्हटलं.

अख्खा लाडू ठेवला. बोटं घट्ट धरली होती त्याने. मी सोडवून घेतली. जा वेदू, आता जा, म्हटलं. हट्ट केला नाही. तो नेहमीच ऐकायचा माझं—

बाळाने एकदम जोरात लाथ मारली. कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, सुटलं.

मागे बघितलं नाही. बोटं उबदार झाली. विलास वाटभर रडला.

रविवार, १३ ऑक्टोबर.

सकाळपासून हललं नाही. अक्कांनी साखरेचं पाणी दिलं. कुशीवर झोपवलं. नाही.

विलास रिक्षा आणायला गेलाय.

ती कालची लाथ. त्यानंतर नाही. एकदाही नाही—

पोट हलकं लागतंय. रिकाम्या घागरीसारखं.

मी माझी बोटं सोडवून घेतली. आणि जा म्हटलं. एकटा कुठे जायचा नाही तो, मोरीतसुद्धा— जो हात सापडेल तो— कसं विसरले मी, आई असून कसं—

रिक्षा नको. विलास येईपर्यंत उशीर होईल. स्टेशन जवळ आहे. दोघं फार लांब गेले नसतील. वेदूची पावलं छोटी. आणि बाळाला तर अजून चालता—